लॅपटॉपवर गेम अडकतोय? नवा घेण्याआधी ही कामं क्रमाने करून पाहा

बारावीनंतर डिप्लोमा, इंजिनिअरिंग किंवा बीसीएला नंबर लागला की घरात ३०-४० हजारांचा लॅपटॉप येतो. कुठे सोयाबीन-कापसाच्या पैशातून, कुठे हप्त्यावर. दिवसा त्यावर अभ्यास आणि ऑनलाइन फॉर्म, रात्री पोरांचा गेम. चार-सहा महिन्यांत तक्रार सुरू होते. गेम अडकतो, लॅपटॉप तापतो, पंखा गिरणीसारखा ओरडतो. मग कोणी 'बूस्टर' टाकायला सांगतं, कोणी हा विकून गेमिंग लॅपटॉप घ्यायला सांगतं.

बहुतेक वेळा या दोन्हीची गरज नसते. कमी किमतीच्या लॅपटॉपवर गेम अडकण्याची कारणं मोजकी आहेत आणि त्यातली बरीचशी एक रुपयाही न घालता दूर होतात. अट एकच, आधी दुखणं कुठं आहे ते ओळखायचं आणि मग औषध करायचं. फुकटची कामं आधी, शंभर-दोनशेची नंतर, हजारांची सगळ्यात शेवटी.

लॅपटॉप अडकतोय की नेट?

दोन वेगळ्या अडचणींना आपल्याकडे 'लॅग' हा एकच शब्द वापरतात. पहिली अडचण लॅपटॉपची. गेम म्हणजे एका सेकंदात भराभर बदलणारी चित्रं. या चित्रांना फ्रेम म्हणतात आणि सेकंदाला किती फ्रेम येतात त्याला एफपीएस. ६० एफपीएस असेल तर खेळ गुळगुळीत चालतो, ३० ला चालवून घेता येतो, २० च्या खाली गेला की चित्र तुटक दिसायला लागतं.

दुसरी अडचण नेटची. तुम्ही बटण दाबल्यावर ती खबर सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, त्याला पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदात मोजतात. पिंग ५०-६० असेल तर अडचण नाही. १५० च्या पुढे गेला किंवा सारखा वर-खाली होत राहिला, की गोळी मारूनही समोरचा मरत नाही, खेळाडू मागे ओढल्यासारखा होतो.

हे तपासायला विंडोजचं बटण आणि जी एकत्र दाबा. गेम बार उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्सच्या चौकटीत एफपीएस, प्रोसेसर आणि रॅमचा वापर दिसतो. पिंग बहुतेक ऑनलाइन गेमच्या सेटिंगमधून स्क्रीनवर आणता येतो. एफपीएस चांगला आणि पिंग जास्त असेल, तर लॅपटॉपवर पैसे घालून काही उपयोग नाही, दोष नेटचा आहे. नेट बंद ठेवून खेळायच्या गेममध्येही चित्र अडकत असेल, तर दोष लॅपटॉपचा.

आपल्या लॅपटॉपात नेमकं काय आहे?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर गेलात की चार गोष्टी कळतात.

- सीपीयू: प्रोसेसरचं नाव आणि सध्याचा वेग.
- मेमरी: रॅम किती आहे आणि किती स्लॉट भरलेत.
- डिस्क: हार्ड डिस्क आहे की एसएसडी.
- जीपीयू: ग्राफिक्स कोणतं आहे.

जीपीयूमध्ये फक्त इंटेल यूएचडी, आयरिस एक्सई किंवा एएमडी रेडिऑन असं एकच नाव असेल, तर बहुधा ते प्रोसेसरमध्येच बसवलेलं ग्राफिक्स असतं. त्याला स्वतःची मेमरी नसते. ते लॅपटॉपच्या रॅममधूनच वाटा घेतं. कमी किमतीच्या बहुतेक लॅपटॉपची हीच गत आहे आणि पुढचे बरेचसे उपाय याच गोष्टीभोवती फिरतात.

पहिला शत्रू: उष्णता

प्रोसेसर खूप तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास हे घडतं. गेम पहिली पाच-दहा मिनिटं मस्त चालला आणि मग अडकायला लागला, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. इंटेलचा आय३-१२१५यू हा प्रोसेसर गरजेला ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, पण त्याचा मूळ वेग १.२ गिगाहर्ट्झच आहे. सुरुवातीचा जोर नंतर थोडा ओसरणं नैसर्गिक आहे. टास्क मॅनेजरमध्ये तो एकदम तळाला गेलेला दिसला आणि लॅपटॉपला हात लावता येत नसेल, तर मात्र काम काढलंच पाहिजे.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४२-४५ वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी आत येणारी हवाच तापलेली असते. ती हवा लॅपटॉपला थंड कशी करणार? उन्हाळ्यात जड गेम पहाटे किंवा रात्री खेळावा, हा सल्ला साधा वाटला तरी गुणकारी आहे. बाकी काळजी अशी घ्या.

- लॅपटॉप गादीवर, गोधडीवर किंवा मांडीवर ठेवू नका. बहुतेक लॅपटॉप खालून हवा घेतात, कापडाने ती वाट बुजते.
- टेबलावर किंवा पाटावर ठेवा आणि मागची बाजू दोन लाकडी ठोकळ्यांनी इंच-दीड इंच उचला. कूलिंग पॅडचं निम्मं काम इथेच होतं.
- जाळीवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढा. शेताजवळचं घर, मातीचा रस्ता, चुलीचा धूर असेल तर वर्षातून एकदा आतून साफसफाई करून घ्या.
- पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरची हवा मारू नका. तिचा जोर फार असतो आणि त्यात पाण्याचे थेंब येतात.
- लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल तर साफसफाईच्या वेळीच थर्मल पेस्ट बदलून घ्या. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीकडे पोहोचवणारा हा लेप कालांतराने वाळतो.

टचपॅड वर आल्यासारखा वाटत असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग गेम राहू द्या. लॅपटॉप बंद करा, चार्जिंग काढा आणि बॅटरी बदलून घ्या. तिथे चालढकल केली तर आग लागू शकते.

चार्जर आणि पॉवर मोड

बॅटरीवर गेम खेळला की लॅपटॉप ताकद राखून वापरतो आणि एफपीएस पडतो. म्हणून खेळताना चार्जर लावलेला हवा, आणि तोही योग्य. मूळ चार्जर ६५ वॉटचा असताना बाजारातून ४५ वॉटचा आणला, तर काही लॅपटॉप मुद्दाम हळू चालतात. वॉटचा आकडा चार्जरवर छापलेला असतो. तो नसेल तर व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार करा.

त्यानंतर सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर या वाटेने जाऊन पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा. लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये 'सायलेंट' किंवा 'इको' मोड चालू असेल तर तोही बदला. कित्येकांचं काम या दोन बदलांतच भागतं.

विंडोजमधली साफसफाई

- स्टार्टअप ॲप्स: टास्क मॅनेजरमधल्या या यादीत लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारी ॲप दिसतात. नको ती बंद करा. अँटिव्हायरस आणि टचपॅड, आवाज यांची ॲप राहू द्या.
- ब्राउझर: गेम सुरू करण्याआधी बंद करा. दहा टॅब उघडे असतील तर ८ जीबी रॅममधला मोठा वाटा तेच खातात.
- ग्राफिक्स ड्रायव्हर: इंटेल, एएमडी, एनव्हिडिया किंवा लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणाऱ्या साइटवर जाऊ नका.
- गेम मोड: सेटिंग्जमधल्या गेमिंग विभागात चालू ठेवा. त्याच विभागात मागे रेकॉर्डिंग सुरू राहात असेल तर बंद करा.
- दोन ग्राफिक्स असतील तर: सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमसाठी 'हाय परफॉर्मन्स' निवडा. नाहीतर जीटीएक्स १६५० सारखं चांगलं कार्ड असूनही गेम कधीकधी छोट्या ग्राफिक्सवर चालतो.
- जागा: सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नका. १५-२० टक्के मोकळी ठेवा.

काही व्हिडिओंत एफपीएस वाढवण्यासाठी विंडोजचं 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण बंद करायला सांगतात. काही लॅपटॉपवर त्याने थोडा फरक पडतो, हे खरं. पण ज्या लॅपटॉपवर घरच्यांचं बँकेचं काम होतं, त्यावर हे कवच काढणं शहाणपणाचं नाही.

गेमच्या आतली सेटिंग

सगळ्यात मोठा फुकटचा फायदा इथे आहे. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके रंगवावे लागतात. १२८० बाय ७२० केलं की ते ९ लाख २१ हजारांवर येतात. म्हणजे ग्राफिक्सचं काम निम्म्याहून कमी झालं. चित्र थोडं धूसर होतं, पण खेळ पळायला लागतो.

चित्र फार धूसर वाटलं तर गेममध्ये एफएसआर नावाची सोय आहे का पाहा. एएमडीने २०२१ मध्ये आणलेली ही युक्ती चित्र लहान आकारात तयार करून मोठं करून दाखवते, आणि ती इंटेलच्या ग्राफिक्सवरही चालते.

बाकीच्या सेटिंग या क्रमाने कमी करा: आधी सावल्या म्हणजे शॅडो, मग रिफ्लेक्शन, मग अँटी-अलायझिंग, मग गवत-झाडांचा पसारा. टेक्स्चर शेवटी कमी करा. त्याचा भार मुख्यतः मेमरीवर असतो.

एक गोष्ट उलटी वाटेल, पण करून पाहा. गेममध्ये एफपीएसला मर्यादा घाला. लॅपटॉप कधी ६०, कधी २५ देत असेल तर मर्यादा ४० वर ठेवा. सतत ४० मिळाले की डोळ्यांना खेळ जास्त सुरळीत वाटतो आणि लॅपटॉपही कमी तापतो. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ९० एफपीएस आले तरी स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलते. वरच्या फ्रेमसाठी लॅपटॉप फुकट तापतो.

पैसे घालायचेच असतील तर आधी रॅम

दुकानातून आलेल्या स्वस्त लॅपटॉपात बऱ्याचदा ८ जीबीची एकच रॅम असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही तिच्यावरच जगतात. एका विहिरीवर दोन शेतं आणि मोटार मात्र एकच, तसा हा प्रकार. दुसऱ्या स्लॉटमध्ये तशीच रॅम टाकली की दुसरी मोटार बसते. याला ड्युअल चॅनल म्हणतात. डीडीआर४ ३२०० प्रकारच्या एका रॅममधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती ये-जा करू शकते. दोन असतील तर ५१.२ जीबी.

इंटेलने तर नावातच हा फरक ठेवलाय. आय५-११३५जी७ किंवा आय५-१२३५यू हे प्रोसेसर एकाच रॅमवर असतील, तर विंडोजमध्ये ग्राफिक्सचं नाव 'यूएचडी' दिसतं. दुसरी रॅम बसली की तेच 'आयरिस एक्सई' दिसायला लागतं. प्रोसेसर तोच, पण आता पूर्ण ताकदीने चालतो.

खरेदीआधी हे तपासा.

- टास्क मॅनेजरच्या मेमरीत स्लॉट 'दोनपैकी एक' वापरात दिसतो का? 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर ती रॅम बोर्डवरच जोडलेली आहे. तरी एखादा मोकळा स्लॉट असू शकतो. मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या साइटवर पाहा.
- रायझन ३ ७३२०यू सारख्या लॅपटॉपात रॅम बोर्डवरच असते आणि वाढवता येत नाही. तिथे कोणी 'वाढवून देतो' म्हणालं तर पैसे देऊ नका.
- डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही. वेग आणि जीबी जुन्या रॅमएवढेच घेतलेले बरे.
- रॅमचे भाव सतत कमी-जास्त होतात. तालुक्याच्या दोन दुकानांत आणि ऑनलाइन भाव विचारूनच घ्या, पक्कं बिल घ्या.
- वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.
- बसवून झाल्यावर दुकानातच टास्क मॅनेजर उघडून १६ जीबी दिसतात का पाहा, मगच पैसे द्या.

एसएसडी कधी?

लॅपटॉपात अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवावाच. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साधा साटा एसएसडी ५०० च्या आसपास. विंडोज पटकन सुरू होतं, गेम लवकर उघडतो, नवा भाग येताना बसणारे हिसके कमी होतात. पण एफपीएसचा आकडा यामुळे फारसा वाढत नाही. 'एसएसडी टाकला की गेम दुप्पट पळेल' असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. अभ्यासाच्या कामाला मात्र हा सगळ्यात जाणवणारा बदल आहे.

दोष नेटचा असेल तर

- मोबाईलचं हॉटस्पॉट वापरण्याऐवजी यूएसबी केबलने टेदरिंग करा. वायफायचा अडथळा निघून जातो आणि फोनही चार्ज होत राहतो.
- हॉटस्पॉटच लागणार असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पर्याय निवडा आणि फोन लॅपटॉपजवळ ठेवा.
- फोन रेंज चांगली असलेल्या खिडकीत किंवा माळवदावर ठेवून पाहा. पिंग लगेच बदललेला दिसतो.
- त्या नेटला विंडोजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' करा, म्हणजे मोठी अपडेट खेळाच्या मध्येच डेटा ओढणार नाहीत. मात्र आठवड्यातून एकदा अपडेट करून घ्या.
- सर्व्हर निवडायची सोय असेल तर मुंबई निवडा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत.

मोबाईलचा गेम लॅपटॉपवर खेळताना

ब्लूस्टॅक्ससारखा एम्युलेटर म्हणजे लॅपटॉपच्या पोटात अख्खा अँड्रॉइड फोन चालवणं. ४ जीबी रॅमवर त्याचा नाद सोडा. ८ जीबीवर चालवायचा असेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं, नाहीतर तो कितीही सेटिंग बदलल्या तरी रडतच चालतो. काही गेमना एम्युलेटर चालत नाही आणि खातं बंद होऊ शकतं. आधी त्या गेमचे नियम पाहा.

या तीन गोष्टी अजिबात नको

क्रॅक केलेले गेम: पेन ड्राइव्हवर मित्राकडून आलेला किंवा टेलिग्रामवरून उतरवलेला गेम बसवताना 'अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना येते. दार उघडं ठेवून चोराला बोलावल्यासारखंच हे आहे. अशा फाइलबरोबर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पळवणारे प्रोग्राम येतात. घरात एकच लॅपटॉप असेल तर त्यात वडिलांचं नेटबँकिंगही असतं आणि पोराची स्कॉलरशिपची लॉगिनही. फसवणूक होऊन पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड. फुकट खेळायचंच असेल तर एपिक गेम्सच्या दुकानात दर गुरुवारी एखादा गेम अधिकृतपणे मोफत मिळतो. व्हॅलोरंटही मोफतच आहे.

बूस्टर आणि रॅम क्लीनर: हे प्रोग्राम स्वतःच रॅम खातात आणि जाहिराती दाखवतात. जे काम ते करतात असं सांगतात, ते टास्क मॅनेजरमध्ये हाताने होतं.

तोडफोड केलेली विंडोज: 'गेमिंगसाठी खास हलकी विंडोज' म्हणून मिळणाऱ्या फाइलमध्ये काय काढलंय आणि काय घातलंय, हे कळायला मार्ग नसतो.

कुठे थांबायचं?

प्रत्येक लॅपटॉपची एक मर्यादा असते. सेलेरॉन एन४०२० मध्ये दोनच कोअर आहेत आणि तो ६ वॉटवर चालायला बनवलेला आहे. त्यावर जीटीए सॅन अँड्रियाससारखे जुने गेम आणि छोटे गेम खेळावेत, नव्या गेमच्या मागे लागून पैसे घालू नयेत. आय३-१२१५यू किंवा रायझन ५ ५५००यू वर दोन रॅम असतील तर व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट आणि जीटीए ५ ची जुनी म्हणजे 'लेगसी' आवृत्ती ७२०पी वर समाधानाने खेळता येते. मार्च २०२५ मध्ये आलेली 'एन्हान्स्ड' आवृत्ती या लॅपटॉपांसाठी नाही. लॅपटॉपातलं ग्राफिक्स नंतर बदलता येत नाही, हे खरेदीच्या वेळीच ध्यानात घ्यावं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेम खेळल्याने लॅपटॉप लवकर खराब होतो का?
नुसत्या खेळण्याने नाही. धूळ साचून सतत तापत राहिला तर बॅटरी आणि पंख्याचं आयुष्य कमी होतं.

विंडोज १० ठेवावी का?
विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. लॅपटॉप पात्र असेल तर ११ वर जा. ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आहे, पण गेमसाठी ८ जीबीच्या खाली जाऊ नये.

विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडतच नाही, एरर येतो.
त्याला बायोसमध्ये टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू लागतं. स्वतःला जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या.

कूलिंग पॅड घ्यावा का?
आधी धूळ काढा आणि मागची बाजू उचलून पाहा. तरीही तापत असेल तरच घ्या.

थोडक्यात क्रम: एफपीएस आणि पिंग तपासा, धूळ काढा, चार्जर आणि पॉवर मोड बघा, स्टार्टअप ॲप्स बंद करा, गेम ७२०पी वर आणा आणि एफपीएसला मर्यादा घाला. एवढं करून आठ दिवस खेळून पाहा. तरी अडकत असेल आणि स्लॉट मोकळा असेल, तर दुसरी रॅम घ्या. नव्या लॅपटॉपचा विषय त्यानंतरच घरात काढा.